सोमवारची रजा मिळणार आहे का?

पत्र

"ताई, मी मूळचा सांगलीचा. सात वर्षं अमेरिकेत, विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनला आहे, दोन वर्षांपूर्वी इथल्याच मुलीशी लग्न झालं. सासऱ्यांचं उत्तरेला, मिनॉक्वाच्या बाजूला जंगलात केबिन आहे. दर नोव्हेंबरात घरातले सगळे पुरुष तिथे हरणाच्या शिकारीला जमतात. यंदा मलाही बोलावलंय. उन्हाळ्यात मी हंटर एज्युकेशनचा कोर्स केला, लायसन काढलं, बाकीच्या शिकाऱ्यांना दिसावं म्हणून नारिंगी जाकीट घेतलं. येत्या शनिवारी हंगाम उघडतोय आणि अंदाज असा आहे: शनिवारी दुपारपासून बर्फ, रविवारी सकाळपर्यंत १० ते १४ इंच, वाऱ्याचे झोत ताशी ४५ मैलांपर्यंत, रविवारी रात्री पारा शून्य फॅरनहाइटवर. विंटर स्टॉर्म वॉच लागलाय. शुक्रवारी ऑफिस सुटलं की निघायचं आणि सोमवारी कामावर हजर व्हायचं म्हणून रविवारी संध्याकाळी परत यायचं, असा माझा बेत होता. बायको म्हणते जाऊ नकोस. सासरे फोनवर हसले, 'हा कसला बर्फ!' म्हणाले. ते ६८ वर्षांचे आहेत, गेल्या वर्षी स्टेंट घातलाय, तरी बुधवारीच जाऊन बसणार आहेत. मी नाही म्हटलं तर जन्मभर 'इंडियातला नाजूक जावई' म्हणून ऐकून घ्यावं लागेल. काय करू?
– एक जावई, मॅडिसन"

उत्तर

जावईबापू, आधी एक सांगा. सोमवारची रजा मिळणार आहे का?

मिळत असेल तर जा, नसेल तर या शनिवारी जाऊ नका. माझं उत्तर एवढंच आहे. पण नुसतं एवढं घेऊन तुम्ही सासऱ्यांसमोर उभे राहू शकणार नाही, म्हणून पुढचं लिहिते.

तुमच्या बेतात वादळ मधोमध येतंय. शुक्रवारी रस्ता कोरडा असेल, आय-३९ वरून वॉसॉ आणि पुढे ५१ नंबरने टोमाहॉकपर्यंत तुम्ही आरामात जाल. खरा प्रश्न रविवारच्या परतीचा आहे. बर्फ सकाळी थांबला तरी वारा थांबत नाही, आणि उघड्या शेतांमधून उडणारा बर्फ रस्त्यावर आला की पुढच्या गाडीचे लाल दिवे दिसेनासे होतात. मोठे रस्ते आधी साफ होतात, मग काउंटीचे, ते ए-बी-सी-डी नावांचे. तुमच्या सासऱ्यांच्या केबिनपर्यंतचा शेवटचा मैलभर रस्ता सरकारी नसणार, तो कुणी येऊन साफ करणार नाही. म्हणजे रविवारी दुपारी तुम्ही फावडं घेऊन उभे, डोक्यात सोमवारची सकाळी नऊची मीटिंग, साडेचारलाच अंधार, आणि पुढे साडेतीन तासांची वाट जी त्या दिवशी सहा तासांचीही होईल. माणसं जंगलात जेवढ्या चुका करतात त्याहून जास्त या घाईत करतात. सोमवार मोकळा असला की ही घाईच उरत नाही.

आता सासऱ्यांबद्दल. तुम्हाला वाटतंय की ते हट्टी आहेत. मी रत्नागिरीची. आमच्याकडे मुंबईच्या चाकरमान्याला 'यंदा पाऊस फार आहे, गणपतीला गावी नको जाऊ' असं कुणी सांगून बघावं! घाटात दरड कोसळलेली असो, गाड्या सहा तास उशिरा असोत, तो जाणारच. विस्कॉन्सिनमध्ये थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारचं तसंच आहे. पाच लाखांवर लोक त्या आठवड्यात बंदूक घेऊन रानात असतात, आणि नऊ दिवसांच्या हंगामातली निम्मी-अर्धी हरणं पहिल्या शनिवार-रविवारीच पडतात. कुणाच्या वडिलांनी बांधलेलं केबिन, भिंतीवर आजोबांनी मारलेल्या बकची, म्हणजे नर हरणाची, शिंगं, कोपऱ्यात ठरलेली खुर्ची. त्या खुर्चीच्या शेजारी त्यांनी तुम्हाला जागा दिली आहे. हवामानावरून नाही म्हणताना हे डोक्यात ठेवून बोललात तर नाजूकपणाचा शिक्का बसणार नाही.

(आणि ते 'घरातले सगळे पुरुष' वाचून मला जरा हसू आलं. मला रायफल धरायला शिकवली ती वॉसॉतल्या आमच्या शेजारच्या आजींनी. त्यांच्या घरात शिकारीला फक्त त्याच जात. नवरा केबिनवर भांडी घासत बसे.)

त्या आजींचाच एक किस्सा सांगते, कारण वाईट हवामान म्हणजे काय याबद्दल बहुतेकांची समजूत उलटी असते. माझा दुसरा हंगाम होता. बर्फाचं नाव नव्हतं. पारा ३६ फॅरनहाइट, म्हणजे आपला दोन सेल्सियस, आणि बारीक पाऊस. मला वाटलं, वा, आज तर उबदार आहे. आत सुती गंजी, वर जीन्स, त्यावर नारिंगी जाकीट, आणि मी झाडावरच्या स्टँडवर, म्हणजे शिडीच्या मचाणावर, दुपारी एकला चढले. तीनपर्यंत मांड्या ओल्या झाल्या. साडेतीनला कुडकुडायला लागले. चारला कुडकुडणं थांबलं आणि मला बरं वाटलं. तेच वाईट लक्षण आहे हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. उतरायची वेळ झाली तेव्हा हार्नेसचा, म्हणजे पडू नये म्हणून बांधलेल्या पट्ट्याचा, बक्कल सुटेना. बोटं माझीच होती, मला दिसत होती, पण ती माझं ऐकत नव्हती. अंगठा बक्कलवर ठेवायचा, दाबायचं, घसरायचा. परत ठेवायचा, परत घसरायचा. तिसऱ्या-चौथ्या खेपेला मला त्या बक्कलाचा इतका राग आला की मी त्याच्याशी मोठमोठ्याने मराठीत भांडायला लागले. आजींनी ते ऐकलं म्हणून त्या आल्या. त्यांनी माझा हात आपल्या काखेत धरला, पाच मिनिटं काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "आता सोड."

शरीराचं आतलं तापमान ३५ सेल्सियसच्या खाली गेलं की हायपोथर्मिया सुरू होतो, आणि त्याला बर्फ लागत नाही. ओलं अंग आणि वारा पुरतो. बोटं बावळटासारखी वागतात, पाय अडखळतो, जीभ जड होते, माणूस उगाच चिडतो. ज्याला होतंय त्याला ते कळत नाही, समोरच्याला कळतं. म्हणून केबिनवर कुणी विनाकारण खेकसायला लागलं की त्याला आधी स्टोव्हजवळ बसवा, वाद नंतर घाला. सुती काहीही घालू नका, मोजेसुद्धा नाही. लोकर किंवा पॉलिएस्टर. आणि चालत जाताना जाकीट पाठीवर बांधून न्या, जागेवर पोचल्यावर घाला. घामाने भिजणं हे पावसाने भिजण्याइतकंच वाईट.

तुमच्या अंदाजातल्या आकड्यांकडे येते. शून्य फॅरनहाइट म्हणजे उणे १८ सेल्सियस. त्यात वारा ताशी १५ मैल असला तरी उघड्या कातडीला ते उणे १९ फॅरनहाइटसारखं लागतं, आणि तेवढ्यात अर्ध्या तासात हिमदंश होऊ शकतो. शिकारी माणूस चालत नसतो, बसलेला असतो. तीन-तीन तास, न हलता. अंग तापवायला काहीच नाही. त्यामुळे स्कीइंगला गेलेल्या तुमच्या मित्राने 'मी उणे २० मध्ये मजेत होतो' सांगितलं तर ते तुमच्या कामाचं नाही.

पण मला थंडीपेक्षा त्या ४५ मैलांची जास्त भीती वाटते. एवढ्या वाऱ्यात झाडावर चढायचं नाही, हे मी तुम्हाला विनंती म्हणून सांगत नाहीये. बंदुकीच्या अपघातांची चर्चा फार होते, पण शिकाऱ्यांचा घात करणारी मोठी गोष्ट म्हणजे मचाणावरून पडणं, आणि ते बहुतेक वेळा चढता-उतरताना होतं. शिडीच्या पायऱ्यांवर बर्फाची साय, पायात जाड बूट, हातात जाड मोजे. त्यात रानातली काही झाडं उभ्या उभ्या वाळलेली. वाऱ्यात त्यांच्या फांद्या कधी सुटतील त्याचा नेम नाही. जमिनीवर बसा. एखाद्या पडलेल्या हेमलॉकच्या बुंध्याला टेकून, वारा तोंडावर येईल असं. हरणाचं नाक तुमच्या डोळ्यांपेक्षा कितीतरी पुढे असतं, तेव्हा वाऱ्याची दिशा तशीही बघावीच लागणार.

आणि त्या हवेत हरीण तरी बाहेर पडतं का? हवेचा दाब उतरताना हरणं जास्त चरतात की नाही यावर केबिनमध्ये रात्रभर वाद चालतात, मी त्यात पडत नाही. पण एवढं प्रत्येकाने पाहिलेलं असतं की भर वादळात व्हाइटटेल, म्हणजे इथलं पांढऱ्या शेपटीचं हरीण, बसून राहतं. सीडर, हेमलॉक अशा दाट झाडांखाली, वाऱ्याच्या आडोशाला, पाय पोटाखाली घेऊन. त्याच्या हिवाळी केसांत हवा कोंडलेली असते. अंगाची ऊब बाहेर इतकी कमी येते की पाठीवरचा बर्फ तसाच साठून राहतो, वितळत नाही. तुम्ही कुडकुडत बसणार आणि ते पांढरी घोंगडी पांघरून निवांत. त्याला घाई नाही. मग वादळ सरलं, वारा पडला, की दीड दिवसाची भूक घेऊन ते उठतं. तुमच्या अंदाजात ती सकाळ सोमवारची आहे. स्वच्छ, शांत, कोऱ्या बर्फावर एकेक खूर उमटलेला. म्हणूनच मी पहिल्याच ओळीत रजेचं विचारलं.

तुम्ही म्हणाल, वादळ दुपारी येतंय, शनिवारची सकाळ तर मोकळी आहे. आहे, आणि ती वापरा. पण मग ११ नोव्हेंबर १९४० ची गोष्ट माहीत असू द्या. सासऱ्यांना माहीत असेलच. मिनेसोटा-विस्कॉन्सिनमध्ये त्यांच्या पिढीने ती आई-वडिलांच्या तोंडून ऐकलेली असते. आर्मिस्टिस डेची सुट्टी, सकाळी हवा इतकी उबदार की बदकांचे शिकारी साध्या शर्टांवर मिसिसिपीतल्या बेटांवर गेले. मग वादळाची चाहूल लागून बदकं हजारोंनी खाली उतरू लागली. आयुष्यात पाहिली नव्हती अशी शिकार. कोण उठून जाणार? दुपारपर्यंत पारा कोसळला, पाऊस, मग गारा, मग बर्फ, आणि नदीत एवढ्या लाटा की होड्या परत येऊ शकल्या नाहीत. मिनेसोटात ४९ माणसं गेली, त्यांतले निम्मे शिकारी. दुसऱ्या दिवशी विनोनाचा मॅक्स कॉनराड नावाचा वैमानिक आपलं छोटंसं पायपर कब घेऊन त्याच वाऱ्यात उडाला, बेटांवर जिवंत माणसं शोधली, वरून खाणं आणि काडेपेट्या टाकल्या.

त्या वेळी अंदाज चुकला होता. आज तुमच्या खिशात ताशी अंदाज आहे. पण तेव्हा माणसं जागेवर थांबली ती शिकार ऐन रंगात आली म्हणून, आणि तो मोह अजून तसाच आहे. म्हणून उठायची वेळ आदल्या रात्री, जेवणाच्या टेबलावर ठरवा. माझ्या मते शनिवारी सकाळी दहा. नऊ पन्नासला समोर आठ टोकांचा बक उभा असेल तर तुमचं नशीब. नसेल तर दहाला बंदूक रिकामी करून चालू लागायचं, आकाश निळं असलं तरी.

आता एक गोष्ट जी तुमचे सासरे हसण्यावारी नेणार नाहीत. त्यांना हीच सांगा, वाऱ्या-थंडीचं काही बोलू नका.

गोळी लागलेलं हरीण बहुतेक वेळा जागेवर पडत नाही. छातीत नीट लागली तरी शे-दीडशे यार्ड पळतं. पोटात लागली तर शहाणा शिकारी आठ-दहा तास त्याच्या मागे जात नाही, कारण पाठलाग केला तर ते मैलोन् मैल जातं, आणि सोडलं तर जवळच कुठेतरी बसतं. मग रक्ताचा माग काढत जायचं. आधीच पडलेल्या बर्फावर हे काम लहान मूलही करेल. लाल ठिपके, खुरांचे ठसे, सगळं वहीत लिहिल्यासारखं. पण *पडत्या* बर्फात?

मी एकदा, पावणेचारला, बर्फ भुरभुरत असताना एका मादीवर गोळी झाडली. ती उसळली, शेपटी खाली घालून झाडीत गेली. मी शिकवल्याप्रमाणे अर्धा तास थांबले. त्या अर्ध्या तासात बर्फ दाट झाला. पहिला ठिपका सापडला, दुसरा सापडला, बोटाने बर्फ खरवडून तिसरा सापडला, फिकट गुलाबी, सरबतासारखा. मग काही नाही. रात्री साडेनऊपर्यंत टॉर्च घेऊन मी गोल गोल फिरत होते. माझ्याच पावलांचे ठसे बुजत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी डोमकावळ्यांच्या ओरडण्यावरून ती सापडली, जिथे मी शेवटचा ठिपका पाहिला होता तिथून फार तर ऐंशी पावलांवर. कोल्ह्यांनी मागची बाजू खाल्ली होती. मी टॅग लावला, लायसन वापरलं गेल्याची नोंद केली, आणि त्या वर्षी परत बंदूक उचलली नाही.

तेव्हापासून माझा नियम असा: तासाला इंचभर बर्फ पडत असेल तर मी झाडत नाही. सापडणार नाही त्या जनावरावर गोळी घालायची नाही, हे तुमच्या सासऱ्यांच्या वडिलांनीही त्यांना सांगितलेलं असणार. "पडत्या बर्फात जखमी हरीण हरवलं तर मला चालणार नाही," असं तुम्ही म्हणालात, तर तुमची भीती मध्ये येतच नाही. तुम्ही त्यांच्याच भाषेत बोलताय.

आणि आता तुमच्या पत्रातलं ते वाक्य जे तुम्ही जाता जाता लिहून टाकलंत. स्टेंट.

तुम्ही स्वतःच्या जिवाची काळजी करताय. मला ती फारशी नाही. तुम्ही तरुण आहात, कोर्स ताजा आहे, घाबरलेले आहात म्हणजे जपून वागाल. मला काळजी त्या ६८ वर्षांच्या माणसाची आहे जो १२ इंच बर्फातून ६०-७० किलोचं हरीण ओढायला जाईल, किंवा त्याआधीच गाडीपुढचा बर्फ उपसायला. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, ओढताना श्वास कोंडला जातो, आणि हरीण दिसल्यावर नुसत्या उत्तेजनेनेच नाडी धावते. मिशिगनमधल्या डॉक्टरांनी मध्यमवयीन शिकाऱ्यांच्या अंगाला यंत्र लावून हे मोजलं होतं. कित्येकांची नाडी रानात ट्रेडमिलवरच्या कमाल आकड्याच्याही वर गेली. तेव्हा सासरे बुधवारपासून तिथे एकटे असणार असतील, तर तुमच्या जाण्याला एक वेगळंच कारण आहे, आणि ते त्यांना बोलून दाखवायची गरज नाही. सासूबाईंना मात्र विचारून घ्या: गोळ्या सोबत घेतल्या आहेत का, आणि केबिनवर मोबाइलला रेंज येते का. येत नसेल तर कुठल्या वळणावर येते.

एक-दोन सटरफटर गोष्टी. कोर्समध्ये टॅब-के, म्हणजे बंदूक जपून हाताळायचे चार नियम, पाठ केले असतील. त्यातला के, ट्रिगरपासून बोट लांब, जाड मोज्यात सगळ्यात आधी विसरला जातो. बर्फात धडपडलात तर उठल्यावर पहिलं काम, गोळ्या काढून नळीत बर्फ शिरलाय का ते बघणं; बुजलेली नळी फुटते. नारिंगी टोपी काढून दुसरी उबदार टोपी घालू नका, ती नारिंगीच्या आत घाला. तळ्यावरून आडवाट घेऊ नका, कोणी कितीही सांगो. नोव्हेंबरातला बर्फ नवा असतो, वरून हिमाने झाकला की तो किती पातळ आहे हे दिसत नाही, आणि चालायला निदान चार इंच घट्ट बर्फ लागतो. गाडी अडकली आणि हीटर लावून बसायची वेळ आली तर आधी उतरून सायलेन्सरपुढचा बर्फ काढा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आणि ती ब्रँडी ओल्ड फॅशन्ड! विस्कॉन्सिनचा माणूस ती आग्रहाने पुढे करणारच. घ्या, पण बंदुका कुलपात गेल्यावर, आणि पुन्हा बाहेर जायचं नसेल तेव्हाच. दारूने ऊब आल्यासारखी वाटते ती आतली उष्णता कातडीकडे पळते म्हणून.

तुमचं ग्रीन कार्ड झालं असेल असं धरून चालते. वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी लिहून ठेवते, कारण दर वर्षी कुणी ना कुणी ऑफिसातल्या मित्राबरोबर असाच निघतो: एच-१बीसारख्या व्हिसावर असताना बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगणं हा अमेरिकेत केंद्रीय गुन्हा आहे. राज्याचं वैध शिकारीचं लायसन असणं हा त्यातला एक अपवाद. म्हणजे लायसन हातात येईपर्यंत मित्राची रायफल 'जरा बघू' म्हणून उचलूसुद्धा नका, आणि शंका असेल तर वकिलाला विचारा. आणि ज्यांना हरीण मारण्याचंच वाईट वाटलं आहे त्यांची पत्रं येतील, ती मी वाचेन. भारतात १९७२ च्या कायद्याने शिकार बंद आहे आणि ती तशीच राहावी असं मलाही वाटतं. इथली गणितं निराळी आहेत, त्यावर एकदा सवडीने.

तर, आज बुधवार. वॉच म्हणजे वादळाची शक्यता. वॉर्निंग लागली की ते येणार असं धरा. गुरुवारी संध्याकाळचा अंदाज बघा, ग्रीन बेच्या हवामान कार्यालयाचा, टीव्हीवरच्या आरडाओरड्याचा नको. बॉसकडे सोमवार मागा. मिळाला तर शुक्रवारी ऑफिस सुटायची वाट बघू नका, दुपारी दोनला निघा, टाकी भरून, मागच्या सीटवर फावडं, घोंगडी आणि वाळूची पिशवी टाकून. बायकोला केबिनचा पत्ता, तुम्ही कुठल्या झाडाखाली बसणार त्याची खूण आणि रात्री किती वाजता फोन येईल ते लिहून द्या. ती नको म्हणतेय कारण तिने हे लहानपणापासून पाहिलंय; तिचं म्हणणं सासऱ्यांच्या हसण्यापेक्षा जड धरा.

सोमवार नाही मिळाला तर सासऱ्यांना आजच फोन करा, शुक्रवारपर्यंत ताटकळत ठेवू नका. म्हणा: "या शनिवारी मला रविवारी परतावं लागतंय, आणि तो रस्ता मला जमणार नाही. थँक्सगिव्हिंगचं जेवण झालं की गुरुवारी रात्री तुमच्याबरोबर येतो, रविवारपर्यंत राहतो. माझी जागा ठेवा." हंगाम नऊ दिवसांचा आहे, त्यातले शेवटचे तीन तुमचे. तोवर बर्फ बसलेला असेल, माग वाचायला शिकायला त्याच्याइतकी चांगली पाटी नाही. खुर्ची रिकामी राहणार नाही, हे एकदा कळलं की सासरे फार हसणार नाहीत.

आणि गेलात तर रायफल रात्री केबिनच्या आत, स्टोव्हजवळ नेऊ नका. गारठलेल्या काचेवर दव धरतं, सकाळी बाहेर नेली की ते गोठतं, आणि स्कोपमधून, म्हणजे रायफलवरच्या दुर्बिणीतून, फक्त धुकं दिसतं. गोळ्या काढून, कुलूप लावून, न तापवलेल्या पडवीत ठेवा. हरीण मिळालं तर तपासणीसाठी नमुना द्या. या राज्यात २००२ पासून हरणांत सीडब्ल्यूडी (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज) हा मेंदूचा जीवघेणा रोग आहे, आणि अहवाल येईपर्यंत मांस फ्रीजरमध्येच बरं. मग मालवणी मसाला, भरपूर कांदा, आणि मंद आच, कारण त्या मांसात चरबी नावाला नसते आणि ते चटकन चामडं होतं.

ओढायचं मात्र तुम्ही. सासऱ्यांच्या हातात टॉर्च द्या.